दक्षिणेचं दार

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला अभिजितचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "काका, बाबा गेले. आई घरी एकटीच आहे. मी निघतोय, तुम्ही आधी जा." मी चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं आणि निघालो. नगरला सावेडीत आमची घरं एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर आहेत.

मोहनीराज पुढच्या खोलीत, दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते. दार उघडं होतं. कुसुमवहिनी शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, एक हात खुर्चीच्या पायाला लावून. मला पाहून म्हणाल्या, "चहा अर्धाच घेतला हो." कपात खरंच अर्धा चहा होता आणि त्यावर साय धरली होती. मी कप उचलला आणि आत ठेवून आलो... तेवढंच मला सुचलं.

मला मोहनीराजांबद्दल लिहायचं आहे. पण लिहायला बसलं की मी फिरून त्या दारापाशीच येतो. ते दार दक्षिणेला उघडतं. आमच्या सबंध कॉलनीत दक्षिणेला मुख्य दार असलेलं ते एकच घर आहे आणि ते तसं असण्याचं कारण चीनमधल्या जुन्या राजवाड्यांपर्यंत जाऊन पोहोचतं. ऐकायला हे विचित्र वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि मोहनीराज पाटबंधारे खात्यात आरेखक. त्यांचं गाव पाथर्डीच्या पुढे, जिथे उन्हाळ्यात माणसं आधी टँकरची चौकशी करतात आणि मग तब्येतीची. नाव मात्र नेवाशाच्या देवाचं, नवसाने ठेवलेलं. आयटीआयमधून नकाशे काढायला शिकले आणि पहिली नेमणूक झाली ती थेट भंडारदऱ्याला. "आमच्या गावाला पाणी म्हणजे हंडा. तिथे गेलो तर पाणी म्हणजे देखावा," असं ते म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी बरोबरचे लोक नगरला यायचे, हे धरणाच्या भिंतीवर बसून राहायचे. पाणी कुठून कसं खाली जातं एवढंच बघत. पुढे बदली होऊन ते नगरला आले आणि एका दुपारी कालव्यांवरचं एक पुस्तक मागायला माझ्या टेबलाशी उभे राहिले.

त्या दिवशी माझ्या टेबलावर रद्दबातल करायच्या पुस्तकांचा ढीग होता. त्यात सगळ्यात वर चीनमधल्या प्राचीन वास्तूंवरचं एक जाडजूड इंग्रजी चित्रमय पुस्तक होतं. कुणीतरी देणगी दिलेलं. त्याच्या कार्डावर एकाही वाचकाची सही नव्हती. मी कालव्यांचं पुस्तक शोधून आणेपर्यंत मोहनीराज ते चाळत उभे होते आणि एका पानावर थांबले होते. ते एका राजवाड्याच्या सबंध आवाराचा नकाशा बघत होते. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण नकाशा ते पत्र वाचावं तसा वाचत. "साहेब, हे कुणी काढलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाव नाही. "हात चांगला आहे," ते म्हणाले आणि कालव्यांचं पुस्तक टेबलावरच ठेवून ते पुस्तक घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी परत आले ते ट्रेसिंग कागदाची गुंडाळी घेऊनच. पूर्ण राजवाडा त्यांनी शाईने उतरवून काढला होता. इंग्रजी नावं कळत नव्हती, तिथे आपली घातली होती... पहिला दरवाजा, दुसरा दरवाजा, मोठा दरबार, राणीवसा, मागची बाग. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. मी तो कागद काचेखाली टेबलावर ठेवला. मग ठरलं की दर रविवारी सकाळी मी पुस्तक वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी वहीत उतरवून घ्यायचं. पुस्तक रद्दबातल झालं नाही. त्याच्या कार्डावर नंतर खालपर्यंत एकच सही होत गेली.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी एक वाक्य वाचलं. सम्राट उत्तरेला पाठ करून आणि दक्षिणेला तोंड करून बसतो, म्हणून राजवाड्याचे सगळे मुख्य दरवाजे दक्षिणेला उघडतात. मी पुढे जाणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. परत वाचा." मी परत वाचलं. त्यांनी टेबलावरच्या काचेखालून आपला नकाशा काढला. त्यातला बाण असा होता की मुख्य दरवाजा पूर्वेला येत होता. पुस्तकातल्या नकाशावर बाण नव्हताच. तो यांनी स्वतःच्या मनाने घातला होता. राजाचं दार पूर्वेलाच असणार, दुसरीकडे कशाला असेल, एवढं ते त्यांनी गृहीत धरलं होतं. मीही तो नकाशा तीन आठवडे रोज बघत होतो आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. दक्षिणेकडे तोंड असलेला प्लॉट गिऱ्हाइकाची वाट बघत पडून असतो. हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की आम्ही दोघांनी मिळून चीनच्या सम्राटाला त्याच्या जागेवरून उचलून फिरवून बसवला होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

मोहनीराजांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं. आरेखक लोक ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून काढत. ते बाण खरवडत राहिले. गरज नसताना पुन्हा पुन्हा. शेवटी त्या जागी कागदाला भोक पडलं. मग त्याच्या शेजारी त्यांनी नवा बाण काढला आणि म्हणाले, "दहा वर्षं नकाशे काढतोय. आधी उत्तर बघायची, मग पेन उचलायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि बघा."

त्या भोकातून पुढचं सगळं सुरू झालं. चुकलो ते का चुकलो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. तिथे दक्षिण वाईट का नाही? मी वाचत गेलो, ते विचारत गेले आणि त्यात ताओ मताची आमची ओळख झाली. ताओ म्हणजे वाट. सृष्टी ज्या वाटेने आपोआप चालते, ती. माणसाने तिच्याशी झगडू नये, तिच्या उताराने जावं, असं त्या मताचं थोडक्यात सांगणं. छाया पाठीशी घ्यावी आणि ऊन समोर, हा त्यातलाच एक भाग. मागे उत्तरेला डोंगर किंवा निदान भराव घालून केलेली टेकडी, म्हणजे थंड वारे अडतात. पुढे दक्षिणेला मोकळं आवार, म्हणजे हिवाळ्यातलं कलतं ऊन आतपर्यंत येतं. राजवाडे तसे, सम्राटांच्या समाध्याही तशाच. मेलेल्यालाही ऊन समोरच. बीजिंगच्या राजवाड्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला एक छोटं ताओ देऊळ आहे, उत्तरेच्या काळ्या देवाचं. तो पाण्याचा धनी. सगळा वाडा लाकडी, म्हणून आगीपासून राखायला त्याला मागे बसवलेला. राजवाड्यातल्या बहुतेक इमारतींची कौलं पिवळी, पण ग्रंथालयाची काळी, कारण काळा रंग पाण्याचा आणि पुस्तकांना भीती आगीची. हे ज्या रविवारी सापडलं, त्या दिवसापासून त्यांनी मला 'साहेब' म्हणणं सोडलं आणि 'ग्रंथपाल' म्हणायला लागले. "ग्रंथपाल, तुमच्या छपराला डांबर लावून घ्या."

हे सगळं ताओचंच आहे असं नाही, हेही आमच्या लक्षात यायला लागलं होतं. पुढचे दरबार एका सरळ रेषेत, पायऱ्या मोजलेल्या, कोण कुठे उभा राहील ते ठरलेलं. ही शिस्त दुसऱ्या मताची, वडीलधाऱ्यांचा आणि हुद्द्याचा मान सांगणाऱ्या. मागच्या बागेत मात्र एकही रेष सरळ नाही. वाकड्या वाटा, भोकं पडलेले ओबडधोबड दगड, तळं. ते म्हणाले, "कळलं. पुढे ऑफिस, मागे माणूस." मी इतक्या पुस्तकांत वाचूनही मला ते असं एका वाक्यात सांगता आलं नसतं.

बीजिंगच्या राजवाड्यात आत एक दालन आहे. सम्राटाच्या आणि सम्राज्ञीच्या महालांच्या मधलं. त्यात सिंहासनाच्या वर पाटी आहे आणि पाटीवर दोनच अक्षरं, ज्यांचा अर्थ साधारण 'काही न करणं' असा होतो. ही पाटी ऐकून ते इतके हसले की वाचनकक्षातल्या मुलांनी वळून बघितलं. "आमच्या ऑफिसात पाटी न लावता सगळे पाळतात," म्हणाले. पण पुढच्या रविवारी आले ते गंभीर होऊन. "ग्रंथपाल, ते आळशीपणाबद्दल नाही. आपण पाटाचा नकाशा काढतो तेव्हा पाणी ढकलायची सोय कधी काढतो का? हजार फुटाला एवढा उतार, बस. उतार बरोबर दिला की पाणी आपलं आपण जातं. उतार द्यायचा आणि बाजूला व्हायचं. ती पाटी तेच सांगतेय."

एकदा त्यांच्या स्कूटरवरून आम्ही फराहबागेत गेलो होतो. आपल्या नगरचा तो निजामशाहीतला महाल, भल्या मोठ्या तळ्याच्या मधोमध बांधलेला. तळं आता कोरडं आहे, त्यात गवत वाढतं आणि माणूस चालत महालापर्यंत जातो. चीनच्या सम्राटांनी राजवाड्यांत तळी खणवली आणि त्यात तीन डोंगर उभे केले, हे आम्ही नुकतंच वाचलं होतं. पूर्वेच्या समुद्रात तीन बेटं आहेत, तिथे अमर झालेले लोक राहतात, ही ताओ मतातली कथा. ती बेटं शोधायला माणसं पाठवून सापडेनात, तेव्हा सम्राटांनी ती घरातच करून घेतली. मोहनीराज महालाच्या पायरीवर बसून कोरड्या तळ्याकडे बघत होते. "हौस एकच आहे," ते म्हणाले, "चारी बाजूंनी पाणी असलं की राजाला वाटतं, मरण इथवर यायचं नाही. फरक एवढाच की इथे महाल राहिला, पाणी गेलं. तिकडे लाकडी महाल जळाले आणि तळी राहिली." मग पायरीवर हात फिरवत, "पण ते लोक जळाला की त्याच मापांनी परत बांधायचे. इमारत नाही जपली, नकाशा जपला." आरेखकाला याहून मोठं समाधान काय असणार.

सावेडीत त्यांनी प्लॉट घेतला तो दक्षिणेकडे तोंड असलेला. बरेच दिवस पडून होता, त्यामुळे स्वस्तातही मिळाला, पण त्यांनी तो त्यासाठी घेतला नव्हता. घराचा नकाशा स्वतः काढला. उत्तरेची भिंत जाड, तिला एकच झरोका. पुढचं दार दक्षिणेला, वर छज्जा. पायाभरणीला त्यांची आई गावाहून आली होती. तिने रेघा आखलेल्या बघितल्या आणि पदर खोचून उभी राहिली. "आरं, यमाच्या तोंडाम्होरं बसतुस व्हय?" ते म्हणाले, "आई, चीनचा राजा बसतो." आई म्हणाली, "त्याला आई नसंल." घराच्या मागे ईशान्येच्या कोपऱ्यात पाण्याचा हौद होता, तेवढा बघून ती म्हणाली, "हे एक बरं केलं." त्या हौदात मोहनीराजांनी नंतर तीन काळे दगड ठेवले. एक तळं, तीन डोंगर. हौदाचं पाणी उतरलं की मधला दगड वर यायचा आणि वहिनी त्यावर कपडे आपटायच्या. "आमच्या अमरांच्या बेटावर टॉवेल धुतात," असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

वहिनींना त्या दाराची भीती होती. त्यांनी कधी भांडण केलं नाही. दाराच्या वर पंचमुखी मारुतीची तसबीर लावली आणि स्वतः जायला-यायला स्वयंपाकघराचं पूर्वेकडचं छोटं दार वापरायला लागल्या. लग्नाला जायचं असो, भाजी आणायची असो, पूर्वेनेच. मोहनीराज पुढून निघायचे आणि वहिनी घराला वळसा घालून त्यांना गेटाशी भेटायच्या. हे इतकी वर्षं चाललं की आम्हाला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं. मारुतीबद्दल मोहनीराजांची तक्रार नव्हती. "उत्तरेला हौदावर चीनचा तो पाण्याचा देव, दक्षिणेला आपला. घर दोन्हीकडून बंदोबस्तात." आणि लपवून ठेवायला नको म्हणून हेही सांगतो... मी स्वतः फ्लॅट घेतला तेव्हा दक्षिणेकडच्या दाराचा, जास्त हवेशीर, सोडून पूर्वेकडचा घेतला. वास्तुशांतीला ते आले, दारात उभे राहिले, खिशातून होकायंत्र काढलं, सुईकडे बघितलं आणि आत जाऊन बासुंदी खाल्ली.

पुढच्या खोलीच्या मधोमध त्यांनी काहीही ठेवू दिलं नाही. वहिनींना सोफा हवा होता. ते म्हणाले, "सोफा तिथे ठेवला तर ऊन कुठे बसणार?" खोली म्हणजे भिंती नव्हेत, भिंतींच्या मधली मोकळी जागा, आपण राहतो ती तिच्यात, हेही आम्ही त्या रविवारांमध्येच वाचलं होतं. मी ते वाचून विसरलो होतो. त्यांनी ते घरात करून ठेवलं. वहिनी आल्यागेल्याला म्हणायच्या, "बसा, उन्हाला सोडून बसा."

बावीस डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस. घर बांधलं त्या वर्षी मोहनीराजांनी गणित करून ठेवलं की त्या दिवशी दुपारी साडेबाराला, सूर्य बरोबर दक्षिणेला आला की, दारातून आलेलं ऊन शहाबादी फरशीवर कुठपर्यंत पोहोचेल. तिथे त्यांनी छिन्नीने एक रेघ कोरली आणि मला बोलावलं. आम्ही दोघं रेघेच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो. ऊन आलं आणि रेघेच्या दोन बोटं अलीकडेच थांबलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग बाहेर जाऊन छज्ज्याकडे मान वर करून बघितलं आणि परत आले. "गिलाव्याची जाडी धरायची राहिली." मला वाटलं, आता ब्लेड निघणार. पण ते म्हणाले, "राहू द्या. ती माझी आणि ही सूर्याची," आणि ऊन थांबलं होतं तिथे दुसरी रेघ कोरली. तेव्हापासून दर बावीस डिसेंबरला साडेबाराला मी तिथे असायचो. वहिनी चहा द्यायला यायच्या आणि दोन म्हातारे फरशीकडे बघत बसलेले पाहून परत जायच्या.

आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. ऊन तेव्हा उंबरठ्याच्या आत हातभर आलं होतं. उन्हाळ्यात ते उंबरठाही ओलांडत नाही. निघताना ते म्हणाले, "येताय ना बावीसला? या वर्षी वाटतंय, माझ्या रेघेपर्यंत येईल." दर वर्षीच म्हणायचे. मी म्हटलं, "गिलावा झिजला तर येईल."

त्या मंगळवारी दुपारी त्यांना त्याच दारातून नेलं. वहिनी उंबरठ्यापर्यंत आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या उंबरठ्यावर उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं.

तेराव्याला गावाहून त्यांचे थोरले भाऊ, तात्या, आले होते. जेवणं झाल्यावर ते पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि दाराकडे बघत म्हणाले, "म्या तवाच म्हनलो हुतो, दखनंला दार ठिवू नगं. आईनंबी सांगितलं हुतं. न्हाई ऐकलं. आता तरी बुजवा. माघारी कुसुम ऱ्हायलीय." मग अभिजित म्हणाला की त्याच्याही डोक्यात तेच आहे. पूर्वेचं दार मोठं करायचं आणि इथे भिंत घालून त्यावर बाबांचा मोठा फोटो लावायचा. तो इंजिनियर आहे, शहाणा मुलगा आहे. त्याचे डोळे लाल होते. "काका, माझा विश्वास नाही यावर. पण आई पुण्याला यायला तयार नाही, इथे एकटी राहणार. उद्या तिला काही झालं, तर लोक बोलतील ते बोलतील, पण मलाच वाटत राहील. तुम्ही सांगा. बाबांचं सगळं बोलणं तुमच्याशीच व्हायचं."

त्या खोलीत त्या दाराबद्दल सगळ्यात जास्त मला माहीत होतं. मी म्हणालो, "घर तुमचं, तुम्ही ठरवा."

का म्हणालो, याचा मी त्यानंतर बराच विचार केला. घर माझं नव्हतं, हे एक. पण त्या मंगळवारी कप उचलताना माझीही नजर एकदा त्या दाराकडे गेली होती आणि एक विचार मनात येऊन गेला होता. ज्याने आयुष्यभर रविवारी सकाळी हे सगळं वाचून सांगितलं, त्याच्या मनात. येऊन गेला, थांबला नाही. पण आला. तेराव्याला अभिजितने विचारलं तेव्हा तो विचार माझ्या आणि शब्दांच्या मधे उभा होता.

मिस्त्री ठरला. महिना झाल्यावर यायचं, अभिजितला सुट्टी मिळेल त्या सोमवारी. सोमवार जवळ आला तेव्हा मी कॅलेंडर बघितलं. बावीस डिसेंबर होता. सकाळी मी कपाट उघडून ती ट्रेसिंगची गुंडाळी काढली. निवृत्त झालो त्या दिवशी त्यांनी ती मला दिली होती. मनाशी बोलायचं जुळवलं. आम्ही एकदा राजाला फिरवून बसवला होता अभिजित, हे भोक बघ, परत तेच करू नका... असं काहीतरी. बाराच्या सुमारास पोहोचलो. गेटाबाहेर विटा आणि वाळूचा ढीग होता, वाळूची चाळण भिंतीला उभी केलेली. मला उशीर झाला असं वाटलं.

दार उघडं होतं. अभिजित पायरीवर बसला होता, तात्या आत भिंतीशी. खोलीच्या मधोमध, जिथे कधी काही ठेवलं जात नसे, तिथे वेताची खुर्ची होती आणि तिच्यात वहिनी पाय लांब करून बसल्या होत्या. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर होतं. मिस्त्री दिसत नव्हता.

"या," वहिनी म्हणाल्या. "ते काय आणलंय? चीन?"

मी हो म्हणालो.

"गुंडाळलेलाच असू द्या. मला त्यातलं काही कळत नाही."

"आता तुमीच समजवा हिला, सायेब," तात्या म्हणाले. "मिस्त्रीला च्या पाजला आन लावलं माघारी."

"मग काय करू? त्याला म्हटलं, भिंत घाल, पण हे ऊन कुठून आत येईल ते आधी सांग. त्याला सांगता येईना." त्यांनी पदराने गुडघा चोळला. "माझे गुडघे या उन्हावर चालतात तात्या. थंडी पडली की मी रोज दुपारी इथे बसते. आजचं नाही, अभिजित शाळेत जायचा तेव्हापासून."

अभिजितने वळून बघितलं. "रोज?"

"तू शाळेत, हे ऑफिसात, निवृत्त झाल्यावर दुपारी आत झोपलेले. खुर्ची ओढायची, तासभर बसायचं आणि तुम्ही यायच्या आत जागेवर ठेवायची."

"बाबांना माहीत होतं?"

"कशाला सांगू? आधीच दोघं मिळून दर वर्षी उन्हाची पूजा मांडायचे. त्यात मी सांगितलं असतं की बाई, दार चांगलं आहे, तर किती मिजास आली असती त्यांना." हे म्हणताना त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने तात्या म्हणाले, "आन यमाचं काय?"

"तुमच्या घराचं दार कुठे आहे तात्या?"

"उगवतीला."

"सासूबाई त्याच घरात गेल्या ना? सापडलं की त्याला."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. "त्यो मारुतीचा फोटू तेवढा काढू नगंस," ते म्हणाले.

"तो कुठे जातोय?"

साडेबारा व्हायला आले होते. मी गुंडाळी कोपऱ्यात उभी केली आणि रेघांपाशी बसलो. वहिनींनी खुर्ची मागे घेतली. अभिजित पायरीवरून उठून माझ्या समोर, त्याचे वडील बसायचे त्या बाजूला उकिडवा बसला. त्याने ती फरशी लहानपणापासून पाहिली होती, पण रेघा दोन का आहेत हे कधी विचारलं नव्हतं. ते त्याने आज विचारलं. मी सांगितलं. त्याने गिलाव्याची गोष्ट ऐकली आणि मान वर करून छज्ज्याकडे बघितलं, अगदी त्यांच्यासारखं. तात्याही उठून आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहिले. ऊन सूर्याच्या रेघेवर आलं आणि थांबलं. मोहनीराजांच्या रेघेपर्यंत या वर्षीही आलं नाही.

मी निघालो तेव्हा वहिनी गेटापर्यंत सोडायला आल्या. पुढच्या दारातून, पायऱ्या उतरून आल्या. विटांच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "याचं आता काय करायचं, ते ठरवू."

याला आता काही दिवस झाले. ऊन रोज थोडंथोडं मागे सरकतंय. विटांचा मागच्या हौदाला कठडा करायचं ठरलं आहे. तो भोक पडलेला नकाशा मी अभिजितला दिला. पुढच्या खोलीत वेताची खुर्ची आहे, फरशीवर दोन रेघा आहेत आणि दक्षिणेला दार आहे.